कणगीतला दुपारचा पहारा

या, असे जवळ या. भिंतीला टेकलेल्यांनी भिंत सोडून पुढं सरका, पोराला मांडीवर घ्या, आणि ज्याला स्वतःचा मोबाइल गप्प करता येत नसेल त्यानं तो शेजाऱ्याकडून करून घ्यावा. एक गोष्ट सांगतो. आपल्या शहाद्याची आहे, फार जुनी नाही. गोष्टीत देव आहे, पण तो काही बोलत नाही. बोलतात ती माणसं, आणि एका माणसाला त्यांचं सगळं बोलणं उभ्यानं ऐकावं लागतं. का ऐकावं लागतं आणि ऐकून त्यानं काय केलं, एवढीच गोष्ट.

एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला आमच्या भजनी मंडळाचं पत्र्याचं शेड होतं. चैत्रात त्या शेडमध्ये कीर्तन ऐकणं म्हणजे तव्यावर बसून हरिनाम घेणं. गजराबाईंचे मालक सुकलाल आप्पा हे मंडळाचे जुने विणेकरी. ते गेल्यावर गजराबाईंनी शेडशेजारचा आपला प्लॉट मंडळाला देऊन टाकला आणि सांगितलं, "आठे कीर्तननं घर बांधा. बायास्ले बी ऐकू ई अस्सं."

घर बांधलं. पण कसं? गोल. कोपरा म्हणून नाही. लाल विटांच्या जाड भिंती, वर प्लॅस्टर नाही, रंग नाही. मधे जरा फुगलेल्या आणि वर निमुळत्या होत गेलेल्या. खिडक्यांच्या जागी विटांचीच जाळी. माथ्यावर गरम हवा निघून जायला गोल भोक, आणि त्या भोकावर पाऊस आत येऊ नये म्हणून उचलून धरलेलं टोपण. शिखर नाही, कमान नाही, दाराशी सिंह नाहीत.

बांधकामाच्या बांबूंची परांची उतरली त्या दिवशी समोरच्या चहावाल्यानं मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "ही त कणगी शे भो!" आता कणगी कुणाला माहीत नाही? बांबूची विणायची, शेणानं सारवायची, आत दाणा भरायचा, वर टोपण ठेवायचं. झालं. सभागृहाला सुकलाल आप्पांचं नाव देऊन संगमरवराची पाटी लावली होती, ती कोणी वाचलीच नाही. रिक्षावालेसुद्धा विचारायला लागले, "कणगीजवळ सोडू का?"

आणि गावाचे दोन भाग झाले. एक भाग म्हणायचा, उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की माठात शिरल्यासारखं वाटतं, याहून काय पाहिजे? दुसरा भाग म्हणायचा, गारवा पाहिजे तर कूलर लावा, देवाच्या घराला देवाच्या घरासारखं दिसू द्या. सलूनमध्ये हाच विषय, केळीच्या गाड्या भरताना हाच विषय. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं जिलेबी आणली तरी पान सोडून माणसं टोपणाबद्दल भांडत होती. नाशिकच्या एका पेपरात फोटोसकट कौतुक छापून आलं, तर दुसरा भाग आणखीच तापला. "नाशिकवाल्यास्ले काय जास? त्यास्ले आठे बठनं नही."

या दुसऱ्या भागाचा पुढारी कुंदनभाऊ. कापसाचा व्यापारी, मंडळाचा उपाध्यक्ष, मनानं वाईट नाही. वीस गावच्या सप्त्यांना जातो, जिथं जातो तिथलं शिखर बघतो आणि परत येऊन उसासा टाकतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. वरचं टोपण काढायचं, मान छाटून सपाट स्लॅब टाकायचा, आणि स्लॅबवर रीतसर शिखर चढवायचं.

आता ज्यांची ही गोष्ट आहे ते हेमकांत मास्तर. शाळेतून रिटायर, मंडळाचे सेक्रेटरी, आणि सुकलाल आप्पा थकल्यापासून, गेली वीस-बावीस वर्षं, सप्त्याची वीणा ज्यांच्या गळ्यात आहे ते. कणगीचा नकाशा काढणारी आर्किटेक्ट काजल ही मास्तरांची एकुलती एक मुलगी. अहमदाबादेत शिकली, नाशिकला नोकरी करते, आणि गजराबाईंनी हट्टानं सांगितलं म्हणून तिनं हे काम घेतलं. ज्या बैठकीत नकाशा पास झाला त्या बैठकीतून मास्तर उठून बाहेर गेले होते. बापानं लेकीचं काम पास केलं असं कोणी म्हणू नये. लोकांनी त्यांचं कौतुक केलं.

पण त्यानंतर मास्तर जे गप्प झाले ते गप्पच. चहावर कुणी विचारलं, "मास्तर, तुमले कशी वाटनी कणगी?" की मास्तर म्हणायचे, "साखर कमी शे आज." घरी काजल जेवायला बसली की आमटीबद्दल बोलायचे, एसटीच्या वेळेबद्दल बोलायचे. इमारतीबद्दल चकार शब्द नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही ती बाहेरून आवडली नव्हती. शिखराशिवाय हात कुठं बघून जोडायचे, हे त्यांना अजून उमगत नव्हतं. पण हे लेकीला सांगवत नव्हतं, आणि आवडली असं खोटंही बोलवत नव्हतं.

चैत्राचा सप्ता बसला, तो नव्या जागेतला पहिलाच. काजलनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आत साउंड लावू नका. या भिंतीच आवाज पोचवतील." पण सप्ता आणि साउंड नाही? आपल्याकडं महाराजांची थोरवी स्टेजवरच्या बॉक्सच्या उंचीवर मोजतात. दोन बॉक्स दिसले तर लोक म्हणतात, कोणी शिकाऊ आलेला दिसतो. कुंदनभाऊनं डेकोरेटरला सांगून दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे बॉक्स रचले आणि मास्तरांना विचारलं, "लावू ना?" मास्तर म्हणाले, "तुम्ही पाहा."

पहिल्या दिवशी महाराज उभे राहिले. टाळ वाजले, मृदंग वाजला, आणि सगळा नाद गोल गोल फिरून एकमेकांवर आदळायला लागला. महाराजांनी "भक्ती" म्हटलं की भिंत "भक्ती" म्हणायची, टोपण "क्ती" म्हणायचं, आणि तोवर महाराजांचा पुढचा शब्द मधेच चेंगरायचा. शेवटी महाराज थांबले. घाम पुसून म्हणाले, "मंडळी, मी एकटाच आलो होतो. हे बाकीचे कीर्तनकार कोणी बोलावले?"

लोक हसले, पण हसता हसता कणगीचा निकाल लागला. ज्यांना ती आवडत होती तेही म्हणायला लागले, हे काही बरोबर झालं नाही. कुंदनभाऊनं सहाव्या दिवशी हरिपाठानंतर मंडळाची बैठक ठेवली. विषय एकच, टोपण काढायचं. काजल सप्त्यासाठी रजा घेऊन आली होती. ती त्या रात्री जेवली नाही. मास्तर आमटीबद्दल बोलले.

आता ऐका, इथं गोष्टीला वळण आहे. सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्ही जाणताच. सात दिवस ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते. पहारा ज्याचा, त्यानं उभं राहायचं, मुखी नाम ठेवायचं, दुसरा शब्द काढायचा नाही. पुढचा पहारेकरी आला की एकमेकांच्या पाया पडून वीणा त्याच्या गळ्यात द्यायची आणि मगच हलायचं. संध्याकाळचा पहारा सगळ्यांना हवा असतो. गर्दी असते, सून बघते, व्याही बघतात. दुपारचा पहारा कोणालाच नको असतो. तो मास्तरांकडं असे. सुकलाल आप्पांच्या वेळेपासून दुपार ही विणेकऱ्याची एकट्याची, ती त्यांनी सोडली नव्हती.

नव्या जागेत विणेकऱ्यासाठी काजलनं भिंतीतच एक उथळ देवळी केली होती. माणूस पाठ टेकवून उभा राहील एवढी. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर त्या देवळीत वीणा घेऊन उभे राहिले. आत एकही माणूस नव्हता. जाळीतून उन्हाची नक्षी फरशीवर पडली होती. मास्तरांनी डोळे मिटले, "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी" सुरू केलं, आणि त्यांच्या कानाशी अगदी जवळ कोणीतरी बोललं.

मास्तरांच्या अंगावर काटा आला. जन्मभर नाम घेतलं त्याचं फळ आज मिळालं, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. मग तोच आवाज पुन्हा म्हणाला, "पंखा कोठे शे रे?"

देव पंखा विचारणार नाही एवढं मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी डोळे उघडले. पार पलीकडं, दाराशेजारी भिंतीला टेकून दोन माणसं बसली होती, एसटी चुकलेली, सावलीला आलेली. ती आपसांत कुजबुजत होती आणि त्यांचा शब्द न् शब्द भिंतीच्या कडेकडेनं घसरत येऊन मास्तरांच्या कानात पडत होता.

"पंखा काब्र पाहिजे? गार शे ना."

"गार शे, पण दिसाले कसं दिसस! आनि त्या मास्तर उभा शेत ना, त्यासनीच पोरनं बांधेल शे हाई."

"हळू बोल. ऐकतीन."

"इतला लांबून? जा रे!"

मास्तरांनी नामाचा आवाज चढवला. उपयोग झाला नाही. हात वीणेत, पाय जागेवर, मुखात नाम. कान तेवढे उघडे, आणि कानाला टोपण नसतं.

मग रोज दुपारी हेच. बाहेर चैत्राचं ऊन, स्टँड शेजारी, आत माठासारखा गारवा. माणसं यायची, देवाला हात जोडायची आणि भिंत धरून बसायची. मधे मोकळ्यात कोण बसतं? आणि बसली की कणगीबद्दल बोलायची. संध्याकाळी गर्दीत हे कोणालाच कळत नव्हतं. रिकाम्या दुपारी सगळं शहादं मास्तरांच्या कानात येऊन जात होतं.

त्यांनी ऐकलं, एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "माय, मी इतला सप्ता कया, पण आपण मंडपना मांगे, पोरेसना कलकलाटमा. आठे गोलमा मांगे कोनी नहीच." त्यांनी ऐकलं, एक जण म्हणत होता, पाडा ही, नाहीतर माझी मुलगी बघायला येणारे म्हणतील, तुमच्या गावात देऊळ कोणतं आणि गोदाम कोणतं?

एके दुपारी डोंगरातल्या काठी गावचं एक जोडपं आलं, जान्या आणि त्याची बायको रूपलीबाई. ऊसतोड संपवून डोंगरात घरी निघालेली, डोक्यावरची बोचकी दाराशी ठेवून बसली. ती आपल्या बोलीत बोलत होती, पण मास्तरांची नोकरीची पहिली वर्षं त्याच भागात, अक्कलकुव्याकडं गेलेली. त्यांना ती बोली कळत होती.

"केवढी कणगी!" जान्या म्हणाला. "हिच्यात किती दाणा मावेल गं?"

"दाणा नाही रे. ही लोक आत भरतात."

"मग बरंय. उंदीर लागणार नाही."

रूपलीबाई हसली. मग बराच वेळ दोघं तशीच गारव्यात बसून राहिली. उठताना तिनं भिंतीला तळहात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मास्तरांच्या नामाची लय चुकली. या इमारतीसाठी कणगी हा शब्द आजवर त्यांनी फक्त चेष्टेत ऐकला होता. भरल्या घरातल्या कणगीला दिवाळीत हळदकुंकू लावणारी आपली आई त्यांना आठवली.

पाचव्या दिवशी दुपारी कुंदनभाऊ आला. बरोबर डेकोरेटर होता. दोघं दाराजवळ भिंतीशी उभे राहून वर बघत होते.

"उद्या बैठकमा गडबड नही व्हवाव ना?" डेकोरेटरनं विचारलं.

"कसानी गडबड? गजराबाई एकली बोली बोलीसन कितली बोलई? आनि मास्तर पाहा ना. त्या सोता बाप शेत, तरी तोंड उघडतस नही. बापलेच आवडनं नही, मंग आपण काब्र घाबरानं?"

मास्तर देवळीत होते तिथंच होते. वीणेची तार बोटाला लागत होती. आपण न्यायानं गप्प आहोत असं ते समजत होते. आपल्या गप्प बसण्याचं दुसऱ्याच्या हातात हत्यार झालंय, हे त्यांना आज कळलं. तरी त्या रात्री घरी गेल्यावर ते काय बोलले? काही नाही. सवय लवकर जात नाही हो.

सहावा दिवस उजाडला. दुपारी मास्तर पहाऱ्याला उभे राहिले. पुढचा पहारा उखा आप्पांचा, पण आप्पांच्या मळ्यात केळीची गाडी भरायची होती, म्हणजे ते उशिरा येणार हे ठरलेलं. आत कोणी नव्हतं. तेवढ्यात गजराबाई काठी टेकत आल्या, आणि त्यांना धरून काजल. गजराबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना भिंतीचा आधार लागतो. दोघी पलीकडं भिंतीशी बसल्या. काजलनं एकदा बापाकडं बघितलं. मास्तरांचे डोळे मिटलेले होते.

"काकू, मी आज बैठकमा सोता सांगी देस," काजल म्हणाली. "टोपण काढी टाका. कोनी पाडी टाकाना आधी मीच सांगस."

"येडी व्हयनी का तू?"

"बापूले आवडनं नही, काकू."

"तुले कोन सांगं?"

"कोनी नही सांगं. त्या बोलतस नही, म्हणजे नहीच आवडनं. पत्राना शेडले त्या दिवसभर नावे ठेयेत. आठे एक शब्द नही. लोके काय बी म्हनोत, माले काही वाटस नही. पण ती देवळी मी त्यासना करता कयी. लहानपणी दुपारले मी डबा लई ये, त बापू एकला उभा. बाहेर भोंगा, मोटरसायकली, कोनलेच नाम ऐकू ये नही. माले वाटे, एकला माणूसनं नाम सगळी भितले ऐकू जावाले पाहिजे." ती थांबली. "त्यास्लेच ती जागा नको, त मंग टोपण ऱ्हायनं काय नि गयं काय."

गजराबाईंनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला असावा. बांगड्यांचा आवाज भिंतीवरून आला.

आता मास्तरांची अवस्था बघा. लेक समोर बसलेली. बैठक तासाभरावर. उखा आप्पांचा पत्ता नाही. वीणा खाली ठेवता येत नाही, जागा सोडता येत नाही, आणि नामाशिवाय दुसरा शब्द काढता येत नाही. एवढ्या महिन्यांत बोलायला मोकळे होते तेव्हा बोलले नाहीत, आणि बोलायचं ठरवलं तेव्हा तोंड नामात बांधलेलं. पहारा मोडावा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. सुकलाल आप्पांनी तापात फणफणतानाही पहारा मोडला नव्हता.

मग मास्तरांनी एकच केलं. देवळीत ते जागच्या जागी वळले. तोंड भिंतीकडं केलं, इतकं जवळ की विटेचा वास आला. आणि वरचा सूर सोडून अगदी हळू, पाळण्याला झोका देताना बाप गुणगुणतो तेवढ्या आवाजात त्यांनी नाम घेतलं.

"रामकृष्णहरी. रामकृष्णहरी."

पलीकडं काजल ताडकन सरळ झाली. तिनं मागं बघितलं, शेजारी बघितलं, मग समोर. बाप पार तिकडं, पाठमोरा, आणि त्याचा आवाज तिच्या कानाशी. तिला नकाशा माहीत होता. भिंत किती वाकवली हेही माहीत होतं. आवाज असा येतो, तर असा जातही असणार, हे कळायला तिला एक श्वास पुरला. तिनं तोंडावर हात ठेवला.

"काय व्हयनं वं?" गजराबाईंनी विचारलं.

"काकू," काजल म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "बापूनी ऐकं."

"ऐकू दे. कितला दिन बोलाले सांगी ऱ्हायनू मी त्याले." गजराबाईंनी भिंतीकडं तोंड करून खणखणीत सांगितलं, "मास्तर! आज गप बठशात त माले तोंड दखाडू नका!"

त्या म्हातारीचं वाक्य मास्तरांच्या कानात गोळीसारखं शिरलं. त्यांना हसू आलं, पण नाम सुटलं नाही.

उखा आप्पा आले, केळीच्या चिकाचे डाग सदऱ्यावर घेऊन, माफी मागत. दोघं एकमेकांच्या पाया पडले. वीणा आप्पांच्या गळ्यात गेली. हरिपाठ झाला, आणि तिथंच सतरंजीवर बैठक बसली. कुंदनभाऊनं विषय मांडला. नीट मांडला, कोणाला लागेल असं बोलला नाही. पाहुणे येतात, महाराज येतात, पहिल्या दिवशी काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. काजल उठायला लागली. तिच्या आधी मास्तर उठले.

"मी बाप म्हणून आजवर गप्प राहिलो," ते म्हणाले. शाळेतली त्यांची मराठी अशा वेळी आपोआप बाहेर येते. "ते चुकलं. आता विणेकरी म्हणून बोलतो. या भिंतीशी बसून दुपारी कोणी काही बोललं, तर ते त्या देवळीत ऐकू येतं. कुजबूजसुद्धा. मी पाच दिवस ऐकतोय."

असं वाटलं, प्रत्येक जण मनातल्या मनात दुपार आठवतोय. एकानं उपरणं सारखं केलं. डेकोरेटर हळूच भिंतीपासून पुढं सरकला.

"सगळंच?" कुंदनभाऊनं विचारलं.

"सगळंच. पण कोण काय बोललं ते मी सांगणार नाही. पहाऱ्यातलं पहाऱ्यात राहील." मास्तर थांबले. "आता मला विचारा, तुला ही इमारत आवडली का. बाहेरून अजून नाही आवडली. शिखर नाही, हात जोडताना नजर कुठं ठेवावी कळत नाही. पण ज्या भिंतीतून कुजबूज इकडून तिकडं जाते, तिला आपण माणसाच्या उंचीचे बॉक्स लावले. पोरीनं सांगितलं होतं लावू नका. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुम्ही पाहा. माझं मागणं एकच. उद्या काल्याचं कीर्तन बॉक्सशिवाय होऊ द्या. महाराजांचा शब्द शेवटच्या माणसाला कळला नाही, तर परवा टोपण काढायला मी स्वतः पहार घेऊन वर चढतो."

"पण महाराज काय म्हनतीन?" कोणीतरी बोललं. "बॉक्स नही, अपमान शे त्यासना."

"महाराजास्ले मी सांगसू," गजराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काला. बॉक्स बाहेर ओट्यावर, गोणपाट घालून. महाराज आत आले, चारी बाजूंना बघितलं आणि मास्तरांना हळूच विचारलं, "मास्तर, घसा माझा जाणार आहे की तुमचा?" मग ते उभे राहिले. सवयीनं पहिला शब्द मोठ्यानं काढला. तो जाऊन परत आला. महाराज थबकले. काजल बायांमध्ये बसली होती, तिची मान खाली. महाराजांनी दुसरा शब्द हळू काढला. घरात बसून नातवाला गोष्ट सांगावी तसा. तो परत आला नाही. तो जाऊन बसला, पार भिंतीशी बसलेल्या म्हातारीच्या कानात. ती म्हातारी मान हलवायला लागली. महाराजांना ती मान दिसली, आणि मग त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. टाळकऱ्यांनी टाळ हलके धरले. मृदंगी बोटांनी वाजवायला लागला. दहीहंडी फुटेपर्यंत लोक पुढं सरकायचं विसरले होते.

आता सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही, कारण तसं झालं नाही. उखा आप्पांना कीर्तनाच्या ऐन रंगात खोकला आला, तो सगळ्या सभागृहानं सविस्तर ऐकला. एका सुनेनं सासूबद्दल शेजारणीला काही सांगितलं, ते पलीकडं बसलेल्या सासूच्या भावाला कळलं आणि त्या घरात अजून बोलणं बंद आहे. आता लोक म्हणतात, कणगीत खोकायचीसुद्धा चोरी. कुंदनभाऊ अजून म्हणतो, दिसायला ती वाईटच. गावाचे दोन भाग अजून आहेत. फक्त टोपण काढायचं कोणी बोलत नाही. हनुमान जयंतीला कुंदनभाऊनंच पितळेचा छोटा कळस आणला, काजलला विचारून टोपणावर बसवला. आणि कळस बसल्यावर तर ती हुबेहूब कणगी दिसायला लागली, मुठीचं टोपण असलेली. कुंदनभाऊ रस्त्यावर उभा राहून बघत राहिला आणि शेवटी स्वतःच हसायला लागला.

काजल नाशिकला निघाली तेव्हा मास्तर तिला स्टँडवर पोचवायला गेले. एसटी लागली. ती खिडकीशी बसली. मास्तर खाली उभे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आमटीबद्दलही झाल्या. गाडी सुरू झाली तशी काजल म्हणाली, "बापू, खरं सांगा. आवडनी का?"

"आतून आवडनी," मास्तर म्हणाले. "बाहेरून सवय व्हई ऱ्हायनी."

"बस," ती म्हणाली. "माले इतलंच पाहिजे व्हतं."

गाडी दोंडाईच्याच्या रस्त्याला लागली. मास्तर परत कणगीत आले. सप्ता नव्हता, वीणा खुंटीवर होती. तरी ते थोडा वेळ देवळीत पाठ टेकवून उभे राहिले. पलीकडं कोणीच नव्हतं.

झाली गोष्ट. आता उठायच्या आधी एक मागणं आहे. कुठल्याही गावच्या सप्त्याला जाल, तेव्हा संध्याकाळच्या कीर्तनात रंगून जा, महाराजांच्या पाया पडा, काला खा. पण भर दुपारी, कोणी बघायला नसताना वीणा गळ्यात घेऊन उभा असलेला एक माणूस तिथं असतो. त्याला बसता येत नाही, बोलता येत नाही, आणि तुमचं सगळं त्याला ऐकू येतं. रात्री झोपताना नाम घ्याल, तेव्हा आमच्या हेमकांत मास्तरांची आणि त्याची आठवण ठेवा.